धोकटी हलकी करताना

दाढी करायला लागतं काय? मगभर पाणी, साबण, ब्रश, रेझर, ब्लेड, भिंतीला टांगलेला आरसा आणि रक्त आलंच तर तुरटीचा खडा. करी रोडच्या चाळींत पिढ्यानपिढ्यांचं एवढ्यावर भागलं. तरीही एकाच तोंडासाठी चाळीस-पन्नास रेझर जमवणारी माणसं जगभर आहेत, आणि त्यांतली बरीचशी काही वर्षांनी हे ओझं उतरवायचं कसं या विवंचनेत पडतात. मी दोन्ही उद्योग केले. हे पुस्तक मुख्यतः दुसऱ्या उद्योगाबद्दल आहे. पण काय कमी करायचं हे कळायला आधी काय काय असतं ते ठाऊक हवं. नवख्या वाचकाला हाताला धरून नेणारं असं काही मराठीत माझ्या पाहण्यात आलं नाही, म्हणून ही प्रस्तावना जरा लांबली आहे.

विषयाची हद्द आधी सांगतो. पाणी आणि साबणाचा फेस लावून, वस्तऱ्यानं किंवा सुट्या ब्लेडच्या रेझरनं केलेली दाढी, एवढाच आपला प्रांत. विजेची यंत्रं, ट्रिमर, तीन-तीन पाच-पाच पात्यांची प्लास्टिकची डोकी हद्दीबाहेर. ती येतील तुलनेपुरती. पाण्याचा आग्रह शौकापोटी नाही. केस पाणी शोषतो, फुगतो, मऊ होतो आणि तो कापायला जोर बराच कमी लागतो. दोन-तीन मिनिटं दम धरला नाही तर आपणच आपली बिनपाण्याने करून घेतो. केस दिसतो तितका गरीबही नसतो. २०२० साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवलं की केसाच्या सुमारे पन्नासपट कठीण असलेलं पातंही त्याच्यापुढे टिकत नाही. ते नुसतं झिजत नाही. केस वाकून कडेला भिडला की धारेचे सूक्ष्म टवके उडतात. चार दाढ्यांनंतर ब्लेड का ओढायला लागतं याचं उत्तर इतकं अलीकडे मिळालं, याची मला मोठी गंमत वाटते.

या विद्येचं मूळ वस्तऱ्यात आहे. इंग्लंडातल्या शेफील्डनं आणि पुढे जर्मनीतल्या झोलिंगेननं वस्तऱ्यांची पाती जगाला पुरवली. शेफील्डचे जुने वस्तरे जाड, पाचरीच्या घडणीचे. नंतरच्या कारागिरांनी दोन्ही बाजू खोल घासून पातं इतकं पातळ केलं की अंगठ्याच्या नखावर धार टेकवून हलकेच दाबली तर ती लवताना दिसते. शेफील्डचा वस्तरा राठ दाढीतून न डगमगता जातो; पोकळ घासलेला झोलिंगेनचा केस कापताना बारीक आवाज करतो आणि त्या आवाजावरून कोन चुकला की बरोबर आहे ते हाताला कळतं. या दोन घराण्यांत कोणतं श्रेष्ठ यावर संग्राहक आजही हमरीतुमरीवर येतात.

आपल्याकडे ही हत्यारं राहिली नाभिकांच्या धोकटीत. वस्तरा, धार लावायचा निसणा, पट्टा, कात्री, चिमटा, नखं काढायची नराणी, पाण्याची वाटी, आरसा. बारा बलुतेदारांपैकी एक असलेल्या या माणसाला गावभर आणि वाड्यावस्त्यांवर ती पिशवी घेऊन फिरायचं असे, त्यामुळे तिच्यात एकही वस्तू फालतू नसे. संत सेना महाराजांनी आरशाला आणि चिमट्याला अभंगात नेऊन बसवलं ते उगाच नाही. रोज हाताळलेल्या मोजक्या वस्तूंनाच तसा अर्थ चढतो. आज संग्राहकाला जी वजाबाकी जड जाते ती धोकटीत आधीच होऊन गेलेली होती. पुस्तकाच्या नावात धोकटी आली ती त्यामुळे.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. परदेशी पुस्तकांत वस्तऱ्याभोवती एक सुगंधी धुकं असतं: निवांत सकाळ, आजोबांचा वारसा, सद्गृहस्थाचा नित्यनेम. आपल्याकडे वस्तरा हे जातीनं वाटून दिलेल्या कामाचं हत्यार होतं, आणि त्या कामात काय काय येत असे हेही विसरता येत नाही. १८९० साली मुंबईत नाभिकांची सभा भरली आणि विधवांचं केशवपन आपण करणार नाही असा निर्धार झाला. त्यामागे पुढाकार होता सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांचा, म्हणजे १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी करणाऱ्या लोखंड्यांचा. त्याच १८९० मध्ये, त्यांच्याच झगड्यातून, मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. करी रोड, लालबाग, डिलाईल रोडच्या सलूनांत रविवारी सकाळी बाकावर जागा मिळत नसे ती या सुट्टीची पुण्याई. वस्तरा न चालवण्याचा निर्धार आणि वस्तऱ्याखाली मान टेकून बसायला मिळालेली हक्काची सकाळ, दोन्ही एकाच वर्षी आणि एकाच माणसाच्या धडपडीतून. संग्राहकांच्या याद्यांत वस्तऱ्यापुढे ‘झोलिंगेन, हस्तिदंती मूठ, डाग नाही’ एवढीच नोंद असते. मला ती अपुरी वाटते.

सलूनमधला अखंड वस्तरा संपवला तो सेफ्टी रेझरनं नव्हे, एड्सच्या भीतीनं. १९८०च्या दशकाअखेर ती भीती पसरली आणि हळूहळू अर्धं ब्लेड अडकवायचा वस्तरा सगळीकडे आला. कारागीर ब्लेड कागदासकट दुमडतो, कट्‌ असा आवाज येतो, अर्धं पातं वस्तऱ्यात जातं आणि उरलेलं अर्धं पुढच्या गिऱ्हाइकासाठी कागदातच थांबतं. ‘ब्लेड नवीन लावा हं’ हे वाक्य खुर्चीत बसता बसता तोंडातून निघतं, आणि कारागीरही ब्लेडचा कागद आपल्या डोळ्यांसमोर फोडतो. चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा परजण्याचा तो थपथप आवाज त्याबरोबर गेला. जुने वस्तरे भंगारात आले, तिथून चोर बाजारात. त्यांतल्या पुष्कळांवर झोलिंगेनचा शिक्का असतो. पण नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, हा प्रकार इतका आहे की शिक्क्यापेक्षा पात्याची पाठ आणि खिळ्याची घडण बघावी.

आता सेफ्टी रेझर. धारेला अडसर घालण्याची कल्पना जुनी; अठराव्या शतकात झाँ-झाक पेरे या फ्रेंच कारागिरानं वस्तऱ्याला लाकडी आवरण बसवून पाहिलं होतं. १८८०च्या सुमारास न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी दांड्याला आडवं डोकं असलेला रेझर काढला, पण त्याचं पातं जाड होतं आणि त्याला पुन:पुन्हा धार लावावी लागे. किंग कँप जिलेटनं पातं पत्र्याइतकं पातळ केलं आणि ते टाकूनच द्यायचं असं ठरवलं. इतक्या पातळ पोलादाला धार द्यायची कशी, हे कोडं विल्यम निकर्सन या अभियंत्यानं सोडवलं. नाव मात्र जिलेटचं झालं. १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पुढच्या वर्षी रेझरांचा आकडा ९० हजारांवर गेला. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारनं फौजेसाठी ३५ लाख रेझर आणि ३ कोटी २० लाख पाती घेतली. रोजच्या रोज आपली दाढी आपणच करावी ही सवय पुरुषांना लागली त्यात जाहिरातींचा वाटा आहेच, पण माझ्या मते खंदकांचा अधिक.

पुढची वंशावळ पुस्तकात जागोजाग येईल, म्हणून इथे धावती. दांडा, तळपट्टी आणि टोपी असा तीन तुकड्यांचा रेझर हा सर्वांत साधा आणि सर्वांत टिकाऊ. दांडा फिरवला की डोक्याची दोन दारं उघडतात तो प्रकार १९३०च्या दशकातला. जिलेटचा ‘टेक’ त्याच दशकाच्या अखेरचा, ‘सुपर स्पीड’ १९४७चा, आणि आकडा फिरवून धार कमी-जास्त उघडता येणारा जाड मानेचा रेझर १९५८चा. १९५०च्या दशकापासूनच्या अमेरिकी जिलेटवर एक अक्षर आणि एक आकडा कोरलेला सापडतो. अक्षर सालाचं, आकडा तिमाहीचा. या एका खुणेनं हजारो सज्जनांना नादी लावलं, कारण आपल्या जन्माच्या तिमाहीतला रेझर मिळवायचा हा हट्ट एकदा डोक्यात शिरला की निघत नाही. १९७१ मध्ये जिलेटनं दोन पात्यांचं कार्ट्रिज आणलं, १९९८ मध्ये तीन पात्यांचं, आणि एका पात्याचा जमाना पाश्चात्त्य बाजारातून जवळजवळ उठला.

मुंबईत माझ्या हाती लागले ते बहुतेक इंग्लंडमध्ये बनलेले टेक, आणि त्यांच्या जोडीनं एक विलक्षण वस्तू: रोल्स रेझर. तिच्यावर दोन ओळी अधिक लिहिण्याचा मोह आवरत नाही. चपटी, निकेलचा मुलामा दिलेली डबी. दोन्ही बाजूंना झाकणं. एका झाकणाच्या आत दगड, दुसऱ्याच्या आत चामडं. मध्ये जाड पातं, आणि ते मागेपुढे सरकवायची मूठ. चामड्याचं झाकण लावून मूठ सरकवली की पातं प्रत्येक टोकाला कूस बदलतं आणि खटॅक-खटॅक असा आवाज होतो. पातं सोडवून दांड्याला लावलं की झाला रेझर. म्हणजे धोकटीतला वस्तरा, निसणा आणि पट्टा, तिन्ही एका डबीत. दोन महायुद्धांच्या दरम्यान साहेबाच्या आणि साहेबाकडे नोकरी करणाऱ्या बाबूच्या सामानात ही डबी असे. आज ती मिळते तेव्हा चामडं तडकलेलं असतं आणि दगड फुटलेला, कारण कुणीतरी ती एकदा मोरीवर पाडलेली असते.

लालबागलाही या कथेत एक कोपरा आहे. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये गॅस कंपनीशेजारच्या शेडमध्ये कुलुपं करायला घेतली हे सर्वांना माहीत असतं. त्याआधी त्यांनी शस्त्रक्रियेची हत्यारं बनवली होती, हे कमी जणांना ठाऊक असतं. माल पसंत पडला, पण त्यावर देशी बनावटीचा शिक्का मारायला व्यापारी तयार होईना आणि अर्देशीर शिक्क्याशिवाय द्यायला तयार होईनात. धंदा तिथेच बसला. मुंबईत चांगल्या धारेचं पातं करता येत होतं; ते इथलं आहे असं म्हणवत नव्हतं. पुढे गोदरेजचा दाढीचा साबण घरोघर गेला, पण पातं बाहेरून येत राहिलं.

देशी ब्लेडची खरी कहाणी स्वातंत्र्यानंतरची. हरबन्सलाल मल्होत्रा यांच्या कोलकात्याच्या घराण्यानं ‘भारत’, ‘पनामा’, ‘टोपाझ’ अशी नावं घरोघर पोहोचवली. त्याच कुटुंबाची एक शाखा ठाण्यात विद्युत मेटॅलिक्स म्हणून उभी राहिली आणि तिचं ‘सुपरमॅक्स’ देशोदेशी गेलं. जिलेट १९८४ मध्ये इंडियन शेव्हिंग प्रॉडक्ट्स या नावानं भारतीय भागीदारीत आली आणि ‘सेव्हन ओ’क्लॉक’ पानाच्या गादीवरसुद्धा मिळू लागलं. संग्राहकांच्या जगात या नावांना फारसा मान नाही, आणि याबद्दल माझी तक्रार आहे. जर्मन रेझरच्या डबीवर प्रबंध लिहिणारे लोक ‘भारत’च्या पुडीकडे ढुंकून पाहत नाहीत. वास्तविक कार्बन पोलादाचं ते ब्लेड जगवण्यात जे कसब होतं त्याला तोड नाही. दाढी झाली की ब्लेड सोडवायचं, कोरडं करायचं, खोबरेल तेलाचं बोट लावायचं. धार गेली असं वाटलं की काचेच्या ग्लासाच्या आतल्या भिंतीला बोटानं दाबून मागेपुढे घासायचं, मग आणखी दोन-तीन दाढ्या निघत. त्यानंतर ब्लेडचा दुसरा जन्म: पोरांच्या पेन्सिली, शिवण उसवणं, नखं. घराची अर्धी हत्यारं म्हणजे बाबांची जुनी ब्लेडं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला विल्किन्सननं स्टेनलेस पातं आणल्यावर जगभर हा खटाटोप संपत गेला. आपल्याकडे तो बराच पुढेपर्यंत चालला.

मगभर पाण्याचीही एक गोष्ट आहे. जिलेटनं या शतकाच्या सुरुवातीला भारतासाठी म्हणून एक रेझर काढला आणि त्याची चाचणी अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर घेतली. त्यांच्याकडे नळाला पाणी वाहतं होतं. इथे मगात बुडवून रेझर हलवणाऱ्यांच्या पात्यांत केस अडकू लागले. मग कंपनीची माणसं भारतातल्या घरांतून जाऊन बसली, आणि २०१० मध्ये ‘गार्ड’ आलं: एकच पातं, धुवायला सोपं, दांडा १५ रुपयांना आणि कार्ट्रिज ५ रुपयांना. जगातल्या सर्वांत मोठ्या रेझर कंपनीला पाच पात्यांवरून पुन्हा एका पात्यावर यावं लागलं ते चाळीच्या मोरीतल्या मगामुळे. गॅलरीत उभं राहून, खिडकीच्या गजाला आरसा अडकवून दाढी केलेल्या कुणाही माणसानं हे त्यांना फुकट सांगितलं असतं.

ब्रशाची दुनिया निराळी आणि जास्त भांडकुदळ. बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांचा ब्रश पाणी खूप धरतो, मऊ असतो, महाग असतो. त्यातही साधा, उत्तम, चंदेरी टोकांचा अशा प्रती. डुकराच्या राठ केसांचा ब्रश आधी दोन-तीन मिनिटं भिजवावा लागतो, पहिले काही आठवडे टोचतो, मग केसांची टोकं फाटून मऊ होतात आणि घट्ट साबणावर त्याच्यासारखा फेस दुसरा काढत नाही. घोड्याच्या केसांवर पहिल्या महायुद्धाच्या काळात किटाळ आलं. नीट न धुतलेल्या केसांच्या स्वस्त ब्रशांतून अँथ्रॅक्सची लागण होऊन माणसं दगावली. कृत्रिम तंतूंचा ब्रश या सर्वांत धाकटा. जुने संग्राहक त्याला नाक मुरडतात, मी मुरडत नाही. जून ते सप्टेंबर करी रोडवर कोणतीच गोष्ट वाळत नाही. केसांचा ब्रश ओला राहिला की मुळाशी काळं धरतं, ओलसर गोणपाटासारखा वास येतो, आणि एके दिवशी गाठ सुटून अख्खा झुबका फेसासकट हातात येतो. कृत्रिम ब्रश दोनदा झटकला की संध्याकाळपर्यंत कोरडा. मुंबईकरानं एकच ब्रश ठेवायचा तर हाच ठेवावा, असं माझं मत आहे आणि पुस्तकात ते लपवलेलं नाही. एक सावधगिरी: बाजारात नाव न सांगता विकले जाणारे केस असतात. मुंगसाच्या केसांच्या ब्रशांना कायद्यानं बंदी आहे. कशाचे केस हे विक्रेता सांगत नसेल तर हात लावू नये.

पावसाळ्याचा मुद्दा रेझरलाही आहे. श्रावण पाळणाऱ्या घरांत रेझर महिनाभर डब्यात पडून असतो. गणपती आणायला जायच्या आदल्या रात्री डबा उघडला की ब्लेड टोपीला चिकटलेलं, पितळ हिरवं कळकलेलं. मग घरातली बाई जे हाताशी असेल त्यानं, चिंच किंवा पितांबरी, तो लख्ख घासते. तांब्या-पितळेच्या भांड्यांना ते ठीक. सोन्याचा हलका मुलामा असलेला जुना जिलेट त्यानं दोन मिनिटांत नागडा होतो. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना दात घासायचा ब्रश यांपलीकडे काही करू नये. निकेल उडालं असेल तर उडालेलंच राहू द्यावं.

यावरून संग्राहकांच्या पंथांकडे वळतो. काहीजण शिक्के आणि तारखा गोळा करतात. त्यांचे रेझर पाण्याला लागत नाहीत, मूळ खोका आणि आतला कागद नसेल तर त्यांना झोप लागत नाही. काहीजण चकाकवणारे: जुनं मिळालं की नवा मुलामा, नवी मूठ, ब्रशाला नवी गाठ. हात कुशल असतात हे मान्य, पण त्यांच्या हातून निघालेली वस्तू कुणाची होती हे पुसलं जातं. तिसरे रोज वेगळा रेझर वापरणारे. सोमवारी हा, मंगळवारी तो. आणि अलीकडे फोफावलेला पंथ वजाबाकीवाल्यांचा: महिनाभर, वर्षभर एक रेझर, एक ब्रश, एक साबण, एकाच नावाचं ब्लेड. या पंथात संन्याशाचा आव आणणारे पुष्कळ आहेत. पन्नास विकून एक महागडा घेतात आणि त्याला साधेपणा म्हणतात. तरीही या चौघांत मी वजाबाकीवाल्यांच्या बाजूचा आहे, कारण त्यांनाच हत्यार खरोखर कळतं. रोज रेझर बदलणाऱ्याला दाढी बिघडली तर दोष ब्लेडचा, साबणाचा की हाताचा हे सांगता येत नाही. तेच तेच वापरणाऱ्याला येतं.

वजाबाकी करायची कशी, तर माझी रीत सोपी आहे आणि पुस्तकात ती सविस्तर दिली आहे. दोन रेझर, त्याच पुडीतली दोन नवी ब्लेडं. डावा गाल एकानं, उजवा दुसऱ्यानं. दुसऱ्या दिवशी अदलाबदल. संध्याकाळी हनुवटीखाली उलटा हात फिरवून पाहायचा. हाताला फरक कळत नसेल तर दोघांपैकी एक जास्तीचा आहे, मग त्याच्यावर कुठल्याही सालाचं अक्षर असो. माझ्या टेकांपैकी बरेचसे या परीक्षेत एकमेकांचे जुळे निघाले. धारेखालची पट्टी दातेरी असलेला, म्हणजे उघड्या दातांचा रेझर मात्र राहिला. तीन दिवसांच्या वाढीत तो गुंतत नाही, बंद दांडीचा गुंततो. आकडा फिरवायचा रेझर गेला, कारण एकदा माझा आकडा ठरल्यावर मी तो पुन्हा फिरवला नाही.

परीक्षेत न बसणाऱ्या वस्तूंचं काय? एका गिरणी कामगाराचा पत्र्याचा डबा माझ्याकडे आला: आत प्लास्टिकच्या दांड्याचा रेझर, केस झडलेला ब्रश, झाकणाला चिकटवलेला आरसा. बाजाराच्या दृष्टीनं किंमत शून्य. तो वापरायचाही नाही आणि विकायचाही नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, वज्री, दिवे जपलेले आहेत म्हणून जुन्या घरात काय हाताळलं जाई ते आज दिसतं. गिरणगावच्या दाढीच्या डब्यांचा असा वाली नाही. असे आलेले डबे मी घरोघरी परत दिले, जिथे घ्यायला माणूस होतं तिथे. नोंद आणि छायाचित्र तेवढं ठेवलं.

हे आत्ताच लिहायला घेण्याचं कारणही तेच. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले, आणि त्यानंतर गिरणीच्या पाळ्यांवर चालणारी इथली दिनचर्या मोडली. पहाटेची पाळी सुटल्यावर भरणारी सलूनं ओस पडली. आता चाळी जात आहेत. ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोल्या होत्या. तिथून माणसं संक्रमण शिबिरात जातात, तिथून टॉवरमध्ये, आणि प्रत्येक हलवाहलवीत पहिला भंगारात जातो तो पोटमाळ्यावरचा डबा. किलोवर. दुसरीकडे, दाढी राखण्याची फॅशन आली आहे आणि त्याच वेळी सेफ्टी रेझर पुन्हा दुकानांत दिसतो आहे. पार्कर नावानं अमेरिकेत विकले जाणारे रेझर भारतात बनतात हे इथल्यांना माहीत नसतं. बॉम्बे शेव्हिंग कंपनी निघाली ती दिल्लीकडे. नाव तेवढं आपलं. नव्या पिढीतल्या काहींना प्लास्टिक नको आहे, काहींना पाच पात्यांच्या कार्ट्रिजचा भाव परवडत नाही. कारण कोणतंही असो, स्वागत आहे. एक विनंती: वापरलेलं ब्लेड कचऱ्यात सुटं टाकू नका, सफाई कामगाराचा हात कापतो. पावडरच्या रिकाम्या डब्याला वर फट पाडा, त्यात टाकत जा. भरायला वर्षं लागतात.

पुस्तकात काय नाही तेही सांगून टाकतो. दाढी कशी करावी याचे धडे नाहीत. ते दोन पानांचं काम आहे आणि गाल आपोआप शिकवतो. ठेवलेल्या वस्तूंपेक्षा देऊन टाकलेल्या वस्तूंच्या नोंदी जास्त आहेत, कारण देताना का दिलं हे लिहावं लागलं आणि ठेवताना तशी सक्ती नव्हती. सलूनमधल्या कारागिरांशी झालेली बोलणी त्यांच्या शब्दांत, नावं न घेता दिली आहेत. दुकानांत आणि पुस्तकांत न सापडणारी माहिती, विशेषतः धारेबद्दलची, त्यांच्याकडूनच मिळाली. आणि किमती कुठेच दिलेल्या नाहीत. आकडा छापला की दुसऱ्या आठवड्यात तोच आकडा विक्रेत्याच्या तोंडी येतो, दुप्पट होऊन. भाव काढायचाच असेल तर शुक्रवारी पहाटे चोर बाजारातल्या जुम्मा बाजारात बॅटरी घेऊन जावं, आधी शेजारचं कुलूप नाहीतर अडकित्ता उचलून पाहावा, रेझरकडे फारसं लक्ष नाही असं दाखवावं, आणि हे पुस्तक घरी ठेवून जावं.